धोक्याची पाटी दिसेनाशी का होते?

नव्या जागी कामाला लागलं की पहिल्या दिवशी भिंतीवरचा पिवळा त्रिकोण ठळक दिसतो. महिन्याभराने त्याच्याखालून शंभरदा ये-जा होते, तरी तो तिथे आहे याची जाणीवसुद्धा उरत नाही. याला निष्काळजीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या खुणेपाठोपाठ काहीच घडत नाही, तिची दखल घेणं मेंदू हळूहळू सोडून देतो.

मुळात पाटीची रचना फार विचाराने झालेली असते. भरउजेडात आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वात संवेदनशील असतो. पिवळा रंग त्याला जवळचा, आणि त्यावर काळं चित्र उठून दिसतं. पण लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोकही असतात, म्हणून नुसत्या रंगावर भिस्त ठेवत नाहीत. आंतरराष्ट्रीय संकेतांत त्रिकोण म्हणजे धोका, तिरकी रेघ मारलेलं लाल वर्तुळ म्हणजे मनाई, निळं भरीव वर्तुळ म्हणजे सक्ती.

चित्र कसं असावं, हा प्रश्न मात्र अवघड. जैविक धोक्याचं चिन्ह 1966 मध्ये तयार झालं, तेव्हा अट मोठी मजेशीर होती: ते लक्षात राहावं, पण पाहणाऱ्याला आधीपासून त्याचा काहीही अर्थ माहीत नसावा. अर्थ नंतर शिकवायचा. जिथे शिकवणारं कोणी असतं तिथे हे जमतं. किरणोत्साराची तीन पाती 1946 पासून चालत आली आहेत, पण ज्याला कोणी सांगितलंच नाही, त्याला ती पंख्यासारखी दिसली तर त्यात नवल काय? म्हणून 2007 मध्ये एक पूरक चिन्ह आलं: लाल त्रिकोणात किरणं, कवटी आणि पळणारा माणूस. त्याआधी 11 देशांतल्या 1,650 लोकांना दाखवून त्याची चाचणी घेतली होती. आणि त्याची जागाही हुशारीने निवडलेली. ते यंत्राच्या आत असतं, कोणी ते उघडायला गेला तरच समोर येतं. रोज नजरेला पडत नाही, त्यामुळे नजर त्याला सरावतही नाही.

टॅगचं बळही तेच. पाटी कायमच्या धोक्याची, टॅग आजच्या धोक्याचा. दुरुस्तीसाठी मेन स्विच बंद करून त्यावर ‘चालू करू नका’ असा टॅग बांधला जातो, त्यावर बांधणाऱ्याचं नाव असतं. म्हणजे आत कोणाचा तरी हात अडकलेला असू शकतो, आणि तो कोणाचा हेही कळतं. टॅग ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. अमेरिकी नियमांत तर तो बांधायचा बंदसुद्धा किमान 50 पौंडांचा ताण सोसणारा आणि एकदाच वापरता येणारा हवा, असं लिहिलं आहे.

तरीही टॅग हा शेवटी कागद किंवा प्लॅस्टिकच. स्विच वर सरकवणारा हात तो अडवू शकत नाही. टॅगमुळे खोटी सुरक्षितता वाटू शकते, हे त्याच नियमांत कामगारांना शिकवायला सांगितलं आहे. म्हणून जिथे कडी आहे तिथे टॅगसोबत कुलूप लावतात, आणि किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात राहते.