तापल्यावर ग्रुप सरकतो? बॅरल पाठवायच्या आधी हे वाचा

रायफलच्या पहिल्या दोन-तीन गोळ्या एकाच जागी बसतात आणि मग बॅरल तापली की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, वर नाहीतर एका बाजूला सरकायला लागतो, ही तक्रार आमच्याकडे सगळ्यात जास्त येते, आणि बॅरल खूप थंड करून तिच्यातला ताण कमी करायची आमची ट्रीटमेंट आहे ती ह्याच दुखण्यासाठी.

बॅरलची नळी करताना स्टीलवर खूप जोर पडतो. बटन रायफलिंगमध्ये कार्बाइडचं बटन दाबून आतले आटे उमटवतात, हॅमर फोर्जिंगमध्ये बाहेरून ठोकतात, कधी वाकलेली बॅरल दाबून सरळ करतात, आणि हा ताण धातूत तसाच अडकून राहतो. चांगले मेकर मशीनिंगच्या आधी भट्टीत ५००-६०० अंशाला तो काढून टाकतात. राहिलाच तर बॅरल तापल्यावर तो सगळीकडून सारखा मोकळा होत नाही, बॅरल किंचित वाकते. १०० मीटरवर १ एमओए (अंशाचा साठावा भाग, नेमबाजीतलं कोनाचं माप) म्हणजे फक्त २९ मिलिमीटर, तेव्हा एवढंसं वाकणंही टार्गेटवर लगेच दिसतं.

तयार बॅरल परत भट्टीत घालणं आम्हाला पटत नाही, आतला पृष्ठभाग खराब होतो, मापं हलतात. म्हणून आम्ही उलट बाजूने जातो, नायट्रोजनच्या थंड वाफेत बॅरल सावकाश उणे १८५ अंशाच्या आसपास नेतो, तिथे बराच वेळ ठेवतो, तितक्याच सावकाश वर आणतो आणि शेवटी हलकं टेम्परिंग, म्हणजे भट्टीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला थोडं तापवणं. घाई केली तर नवीन ताण तयार होतो, त्यामुळे "उद्या द्या" म्हणू नका प्लीज.

आता कंपनाचं. गोळी नळीत असते जेमतेम एक-दीड मिलिसेकंद, पण तेवढ्यात बॅरल थरथरायला लागलेली असते आणि मझल (नळीचं तोंड) ज्या क्षणी जिकडे वळलेलं असेल तिकडे गोळी जाते. ही थरथर पूर्ण बंद होत नाही, ती दर वेळी सारखी व्हावी आणि कमी व्हावी एवढंच आपल्या हातात असतं. बॅरलचा ताठपणा जाडीच्या (बाहेरच्या व्यासाच्या) साधारण चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे २० टक्के जाड बॅरल जवळपास दुप्पट ताठ, आणि लांबी २६ वरून २४ इंच केली तर ताठपणा साधारण २७ टक्के वाढतो. थंड ट्रीटमेंटने ताठपणा वाढत नाही, कोणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. खराब क्राउन (नळीच्या तोंडाची कड), झिजलेला थ्रोट (चेंबरच्या पुढे आटे सुरू होतात तो भाग), न जुळणारं काडतूस हेही त्याने सुधरत नाही.

म्हणून आधी घरीच बघा. रायफल रिकामी करा, बोल्ट काढा, चेंबर डोळ्याने तपासा. मग बॅरल आणि स्टॉकच्या (दस्त्याच्या) मधून कागदाची पट्टी पुढून ॲक्शनपर्यंत (बोल्ट बसतो त्या भागापर्यंत) ओढा, अडकली तर स्टॉक बॅरलला टेकतोय आणि तापल्यावर ग्रुप सरकायला तेवढं कारण पुरतं. ॲक्शनचे स्क्रू टॉर्क रेंचने मेकरने दिलेल्या आकड्यावर घट्ट करा, स्कोपचे माउंट हलवून बघा, नळीत साचलेला तांब्याचा थर नीट साफ करा. ह्यातच निम्म्या लोकांचं काम होऊन जातं आणि आम्हाला त्याचा आनंदच आहे, उगाच पैसे कशाला घालवायचे.

तरीही सरकत असेल तर एकाच लॉटच्या काडतुसांनी, न थांबता १० गोळ्यांचा ग्रुप मारा, प्रत्येक गोळीचा नंबर टार्गेटवर लिहा आणि तो कागद परवान्याच्या कागदपत्रांसोबत आणा. तीन गोळ्यांचा ग्रुप नको, त्यातून काहीच कळत नाही. काम झाल्यावर तीच काडतुसं, तेच अंतर, तसाच १० चा ग्रुप पुन्हा मारायचा आहे, म्हणून त्या लॉटमधली काही बाजूला काढून ठेवा.