हायबरनेटचं मॅपिंग, स्प्रिंग सिक्युरिटीचं कुलूप: या एरर आल्या कुठून

जावामध्ये वेब अ‍ॅप्लिकेशन करायला नवीन माणूस बसला की पहिल्या आठवड्यातच त्याला साधारण तीन एरर भेटतात. एक हायबरनेटची, म्हणजे जावाचे ऑब्जेक्ट आणि डेटाबेसची टेबलं यांची जुळणी (मॅपिंग) करणाऱ्या लायब्ररीची, 'अननोन एंटिटी' किंवा तिची धाकटी बहीण 'नॉट अ मॅनेज्ड टाइप', दुसरी ती 'नो सेशन' म्हणणारी लेझी इनिशियलायझेशन, आणि तिसरा म्हणजे स्प्रिंग सिक्युरिटीचा, म्हणजे स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमध्ये लॉगिन आणि परवानग्या सांभाळणाऱ्या भागाचा, कारण न सांगता दार लावून घेणारा ४०३, 'परवानगी नाही'. तिन्हीची उत्तरं नेटवर ढिगाने सापडतात आणि तरी काम होत नाही, कारण उत्तर २००९ चं असतं, प्रोजेक्ट आजचा असतो आणि एररचा मजकूर मात्र शब्दाला शब्द तोच असतो. या कामात बरीच वर्षं काढल्यावर मला एक गोष्ट पक्की पटलीये, एरर कोणत्या ओळीवर आली त्यापेक्षा ती कोणत्या साली घेतलेल्या निर्णयातून आली हे कळलं तर ती लवकर सुटते. म्हणून हा मागचा सगळा प्रवास एकदा नीट सांगतो.

मूळ अडचण अशी की टेबल आणि ऑब्जेक्ट यांची घडणच वेगळी आहे. १९७० साली आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं, १९७४ मध्ये तिथल्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी सीक्वेल नावाची भाषा मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. त्यात सगळं रो आणि कॉलम, आणि नातं म्हणजे दोन टेबलांत जुळणारी किंमत, बस. ऑब्जेक्टचं जग वेगळंच वाढलं. तिथे ग्राहकाच्या पोटात त्याच्या ऑर्डरींची यादी असते, टेबलमध्ये बरोब्बर उलटं, ऑर्डरच्या रोमध्ये ग्राहकाचा नंबर असतो. नात्याची दिशाच फिरलेली. आजही नात्याची दुसरी बाजू कोण सांभाळतं ते सांगणारं मॅप्डबाय लिहिताना लोक हमखास चुकतात, कॉलमचं नाव टाकतात, खरं तर तिथे समोरच्या क्लासमधल्या फील्डचं नाव लागतं, ती चूक म्हणजे या उलट्या दिशेचंच फळ आहे.

ही दरी बुजवायचं काम कॅनडातल्या द ऑब्जेक्ट पीपल या कंपनीने नव्वदच्या दशकात टॉपलिंकमधून केलं, आधी स्मॉलटॉक या भाषेसाठी मग जावासाठी, टॉप म्हणजे कंपनीच्याच नावाची आद्याक्षरं. २००२ मध्ये टॉपलिंक ओरॅकलकडे गेलं आणि आजचं इक्लिप्सलिंक त्याच घराण्यातलं. पण बहुतेकांच्या नशिबात तेव्हा आले ते एंटरप्राइज जावा बीन्सचे, म्हणजे सर्व्हरवरच्या जावाच्या अधिकृत स्टँडर्डचे, एंटिटी बीन, १९९८ पासून पुढे. एका साध्या टेबलसाठी दोन-तीन इंटरफेस, एक क्लास, वर लांबलचक एक्सएमएल, आणि चालवून बघायचं तर सगळा सर्व्हर उठवायचा. याला कंटाळून ऑस्ट्रेलियातल्या गॅव्हिन किंग यांनी २००१ मध्ये हायबरनेट सुरू केलं. कल्पना सरळ होती, क्लास साधा ठेवा, मॅपिंग शेजारच्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहा, बाकी आम्ही बघतो.

'अननोन एंटिटी' इथली आहे, एंटिटी म्हणजे टेबलशी जोडलेला क्लास. हायबरनेट सुरू होताना एकदाच सगळ्या मॅपिंग फाइली वाचतं आणि स्वतःपुरती एक यादी करून ठेवतं, कोणता क्लास कोणत्या टेबलचा. नंतर तुम्ही एखादा ऑब्जेक्ट सेव्ह करायला दिलात आणि तो क्लास यादीत नसेल तर ते म्हणतं ओळखत नाही. तेव्हा कारण जवळपास ठरलेलं असायचं, मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मॅपिंगची ओळ घालायची राहिली. म्हणून त्या काळची सगळी उत्तरं 'ओळ घाला' असं सांगतात आणि तेव्हा ती बरोबर होती.

२००४ मध्ये जावा ५ आलं, अनोटेशन, म्हणजे कोडमध्येच @ लावून लिहायच्या खुणा, आली, आणि २००६ मध्ये याच मॅपिंगचं जेपीए नावाचं स्टँडर्ड आलं ज्याच्यावर हायबरनेटचा ठसा स्पष्ट दिसतो. एक्सएमएल गेलं, क्लासच्या डोक्यावर @एंटिटी लिहिलं की झालं. पण मधल्या काळात हायबरनेटची स्वतःची पण एक @एंटिटी होती, जेपीएच्या एंटिटीला जादा सेटिंग पुरवायला केलेली, नाव तेच, पॅकेज वेगळं. एडिटरमध्ये आपण एंटर दाबतो आणि इम्पोर्ट, म्हणजे कोणत्या पॅकेजमधलं नाव ते सांगणारी ओळ, आपोआप होतो, तो चुकीचा झाला की क्लास वरून अगदी बरोबर दिसतो, कंपाइल होतो, आणि चालवल्यावर पुन्हा तीच 'अननोन एंटिटी'. एरर २००१ च्या रचनेतली, कारण मात्र अनोटेशनच्या काळातलं. ज्याने जुनं उत्तर वाचून कॉन्फिगरेशन फाइल तपासली तो दोन दिवस तिथेच अडकायचा, वर इम्पोर्टच्या ओळीकडे कोण बघतंय.

याच काळातली दुसरी खोड म्हणजे 'कुड नॉट डिटरमिन टाइप'. जेपीएमध्ये रोची ओळख सांगणारं @आयडी तुम्ही फील्डवर लिहिलंत तर हायबरनेट फील्ड वाचतं, गेटरवर, म्हणजे फील्डची किंमत देणाऱ्या मेथडवर, लिहिलंत तर गेटर वाचतं, आणि एकदा ठरलं की त्या क्लासमध्ये दुसऱ्या जागी लिहिलेल्या मॅपिंगकडे लक्षच देत नाही. आयडी फील्डवर आणि एकाला अनेक असं नातं सांगणारं वनटूमेनी गेटरवर असं मिसळलं की त्याला समोर नुसती एक लिस्ट दिसते, ती कोणत्या कॉलममध्ये बसवायची ते कळत नाही, म्हणून ती तक्रार. टाइपमध्ये काहीच चूक नसते, मजकूर वाचून माणूस टाइप बदलत बसतो.

आता सुरक्षेकडे येतो, कारण ती गोष्ट समांतर चालली होती. डिसेंबर १९९८ मध्ये फ्रॅक मासिकाच्या ५४ व्या अंकात जेफ फॉरिस्टल यांनी टोपणनावाने लिहिलं की वेब पानावरच्या डब्यात टाइप केलेला मजकूर थेट डेटाबेसचा हुकूम होऊ शकतो. त्यालाच पुढे एसक्यूएल इंजेक्शन म्हणू लागले. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या मोठ्या धोक्यांच्या यादीत इंजेक्शन २०१० ते २०१७ पहिल्या नंबरवर होतं, २०२१ ला तिसऱ्यावर आलं आणि वर चढलं ते बिघडलेलं अ‍ॅक्सेस कंट्रोल, म्हणजे कोणाला काय करू द्यायचं याचा ताबा. मॅपिंगची टूल्स वापरली की पॅरामीटर वेगळे जातात, बऱ्याच जागी धोका आपोआप टळतो हे खरंय, पण हायबरनेटच्याच क्वेरी भाषेत स्ट्रिंग जोडून क्वेरी बांधली तर दार तितकंच उघडं राहतं. हे अजूनही रिव्ह्यूमध्ये दिसतं आणि दिसलं की मी मर्ज थांबवतो.

मॅपिंगने स्वतःचा एक नवा धोकाही आणला, आणि त्याची सगळ्यात गाजलेली घटना जावातली नाही. मार्च २०१२ मध्ये एगोर होमाकोव्ह याने गिटहबवर दाखवून दिलं की फॉर्ममधून येणारी सगळी फील्ड रेल्स, म्हणजे रुबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क, थेट मॉडेलमध्ये भरतं, मग फॉर्ममध्ये एक जादाचं फील्ड घुसवून आपली पब्लिक की दुसऱ्याच्या नावावर चढवता येते, आणि त्याने रेल्सच्याच रिपॉझिटरीत कमिट टाकून ते सिद्ध केलं. पुढच्या वर्षी रेल्स ४ मध्ये कोणती फील्ड घ्यायची हे सांगणं सक्तीचं झालं. स्प्रिंगमध्ये एंटिटी थेट कंट्रोलरच्या, म्हणजे बाहेरची रिक्वेस्ट घेणाऱ्या क्लासच्या, पॅरामीटरमध्ये घेणारे लोक आजही तेच करतायत, यूजरच्या एंटिटीत रोल नावाचं फील्ड असतं आणि ते बाहेरून येणाऱ्या जेसनमधून भरलं जाऊ शकतं. इथे एररच येत नाही, म्हणून मला याची जास्त भीती वाटते.

स्प्रिंगच्या बाजूला बेन अ‍ॅलेक्स यांनी २००३ च्या अखेरीस अ‍ॅसेगी नावाचं सुरक्षेचं टूल सुरू केलं, ताकदवान पण एक्सएमएल इतकं की साध्या लॉगिनला पानंच्या पानं. २००८ मध्ये तेच स्प्रिंग सिक्युरिटी २.० म्हणून आलं, बरंच आटोपशीर. आणि तिथून पुढे दर मोठ्या व्हर्जनला डिफॉल्ट कडक होत गेले, हे नीट लक्षात घ्यायला हवं. २०१३ मध्ये ३.२ ने जावा कॉन्फिगरेशनमध्ये सीएसआरएफ संरक्षण, म्हणजे दुसऱ्या साइटने तुमच्या लॉगिनच्या जोरावर चोरून रिक्वेस्ट पाठवू नये म्हणून असलेलं, आपोआप चालू केलं, २०१५ च्या ४.० ने एक्सएमएलवाल्यांनाही. परिणाम काय, पान उघडतं, नुसतं मागणारी गेट रिक्वेस्ट चालते, काही पाठवणारी पोस्ट केली की ४०३. फॉर्ममध्ये साइटने दिलेलं गुप्त टोकन नाही एवढंच कारण, पण नेटवर उत्तर काय मिळतं तर एक ओळ, सीएसआरएफ डिसेबल करा. ज्या एपीआयला कुकी लागतच नाही, हेडरमधल्या टोकनवर चालतो, तिथे ते योग्य आहे. सेशनच्या कुकीवर चालणाऱ्या साइटला ती ओळ म्हणजे कडी काढून ठेवणं.

४०३ चं दुसरं कारण मॅपिंगमध्येच असतं. फक्त अ‍ॅडमिनलाच आत घ्या म्हणून हॅजरोल अ‍ॅडमिन असं लिहिलं की स्प्रिंग त्या नावाच्या सुरुवातीला स्वतः 'रोल अंडरस्कोर' जोडून शोधतं, टेबलमध्ये तुम्ही नुसतं अ‍ॅडमिन साठवलंय, मग जुळणार कसं. आणि लेझीचा प्रश्नही इथेच येऊन मिळतो. यूजर आणि रोल यांचं मेनीटूमेनी नातं मुळात लेझी असतं, म्हणजे रोल मागितल्यावरच आणले जातात, आणि लॉगिनच्या वेळी यूजर शोधून ट्रान्झॅक्शन संपलेलं असतं, हायबरनेटचं सेशन, म्हणजे डेटाबेसशी चाललेलं बोलणं, बंद. मग सिक्युरिटी रोल मागते आणि हायबरनेट म्हणतं नो सेशन. लोक वैतागून सगळीकडे ईगर, म्हणजे न मागता आधीच आणा, लावतात, मग एक यूजर आणायला अर्धा डेटाबेस येतो. त्या एका क्वेरीत जॉइन फेच, म्हणजे यूजरबरोबरच रोल आणणं, केलं की भागतं.

भारतातल्या लोकांना ड्रायव्हर जुना असला की हमखास भेटणारी एक गंमतशीर वाटणारी पण डोकं खाणारी एरर म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेसच्या ड्रायव्हरची, सर्व्हरचा टाइम झोन 'आयएसटी' ओळखता येत नाही किंवा तो एकापेक्षा जास्त झोनचा आहे. हे खरंच आहे, आयएसटी भारताचं तसं इस्रायलचं आणि आयर्लंडचंही. कनेक्शनच्या यूआरएलमध्ये सर्व्हरटाइमझोन एशिया कोलकाता लिहिलं की विषय संपतो. पण त्याच यूआरएलमध्ये जे बाकीचं शेपूट चिकटलेलं असतं ते बघा. आधी एसएसएलची, म्हणजे कनेक्शनवरच्या एन्क्रिप्शनची, वॉर्निंग यायची म्हणून कोणीतरी यूजएसएसएल फॉल्स लिहिलं. २०१८ मध्ये मायएसक्यूएल ८ ने पासवर्ड तपासायची पद्धत बदलली, त्या पद्धतीला एकतर एसएसएल हवं नाहीतर सर्व्हरची पब्लिक की, मग एसएसएल बंद असलेल्यांना 'पब्लिक की रिट्रीव्हल इज नॉट अलाउड' यायला लागलं. त्यावरही उपाय फिरतोय, ते अलाउ करा ट्रू. म्हणजे एका वॉर्निंगचं तोंड बंद करायला एसएसएल काढलं, त्यामुळे आलेल्या एररला गप्प करायला मध्ये बसलेल्या माणसाकडूनही की घ्यायची परवानगी दिली. लॅपटॉपवर ठीक, पण हीच ओळ कॉपी होऊन प्रॉडक्शनला जाते, मी स्वतः पाहिलीये.

सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र पासवर्डच्या कॉलमने. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्प्रिंग सिक्युरिटी ५ आलं, त्यात साठवलेल्या पासवर्डच्या आधी महिरपी कंसात पद्धतीचं नाव लागतं, म्हणजे 'बीक्रिप्ट' वगैरे, म्हणजे उद्या पद्धत बदलली तरी जुने पासवर्ड ओळखता यावेत. विचार खूप चांगला. आम्ही पुढच्या वर्षी एका प्रोजेक्टमध्ये नवा एन्कोडर लावला आणि सगळ्यांचं लॉगिन बंद, एरर अशी की आयडी 'नल' साठी पासवर्ड एन्कोडर मॅप केलेला नाही. नल म्हणजे कंसातलं नावच नाही, जुने हॅश, म्हणजे पासवर्डची साठवलेली सांकेतिक रूपं, बिननावाचे. मग एक छोटी अपडेट स्क्रिप्ट लिहिली, प्रत्येक हॅशच्या सुरुवातीला ते नाव जोडायचं, आणि थेट डेटाबेसवर चालवली. एरर बदलली, आता 'बॅड क्रेडेन्शियल्स'. बीक्रिप्टचा हॅश ६० अक्षरांचा, कॉलम कोणीतरी नेमका ६० चा केलेला, नाव आणि कंस मिळून आणखी ८, आणि सर्व्हर जुना, स्ट्रिक्ट मोड बंद, त्यामुळे त्याने न कुरकुरता प्रत्येक हॅशची शेवटची ८ अक्षरं कापून टाकली. ती कुठूनही परत काढता येत नाहीत. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं, कॉलम वाढवला, टेबल परत भरलं, स्क्रिप्ट पुन्हा चालवली. त्या दिवसापासून कॉलमची लांबी बघितल्याशिवाय मी डेटाला हात लावत नाही.

२०१४ च्या स्प्रिंग बूटने, म्हणजे स्प्रिंगच्याच तयार मांडणीने, कॉन्फिगरेशन जवळपास नाहीसं केलं आणि ते फार बरं झालं, पण न दिसणारे नियमही आले, जसं फर्स्टनेम असं उंटाच्या पाठीसारखं लिहिलेलं फील्ड आपोआप अंडरस्कोर घातलेल्या कॉलममध्ये शोधायचं. कॉलमचं नाव अनोटेशनमध्ये स्पष्ट लिहिलं तरी ते बदलतं, तिथे भलेभले चक्रावतात. टेबलचं नाव यूजर ठेवलं तर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये तो राखीव शब्द, आणि टेस्टसाठीच्या एचटू डेटाबेसनेही व्हर्जन २ पासून तो राखीव केला, म्हणून वर्षानुवर्षं पास होणाऱ्या टेस्ट अपग्रेडनंतर सिंटॅक्स एररने पडल्या. टेबलचं नाव यूजर्स करा, मोकळे व्हा.

आणि मग नोव्हेंबर २०२२, स्प्रिंग बूट ३. त्याच्या मागे एक मालकीचा प्रश्न होता. ओरॅकलने २०१७ मध्ये एंटरप्राइज जावा इक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं पण पॅकेजांच्या सुरुवातीचं जावाएक्स हे नाव बदल करत पुढे वापरण्यावर एकमत झालं नाही, म्हणून २०२० च्या जकार्ता ९ मध्ये, जकार्ता म्हणजे एंटरप्राइज जावाचंच नवं नाव, सगळ्या पॅकेजचं नाव जावाएक्सऐवजी जकार्ता झालं. नुसतं नाव. पण जुनी लायब्ररी कुठल्यातरी डिपेंडन्सीतून आत राहिली असेल तर जावाएक्सचं @एंटिटी व्यवस्थित कंपाइल होतं, नवं हायबरनेट त्याच्याकडे बघतच नाही, आणि येतं 'नॉट अ मॅनेज्ड टाइप'. यावर नेटवर जुनं उत्तर आहे एंटिटी कुठे शोधायच्या ते सांगणारं एंटिटीस्कॅन लावा, पॅकेजचा पत्ता तपासा. त्या आधी फाइलच्या अगदी वर जा आणि इम्पोर्टच्या ओळीचा पहिला शब्द वाचा.