मुलांसोबत परदेश सहल: ठिकाण ठरवण्याआधी मुलांचा पासपोर्ट उघडा

सुट्टी जवळ आली की कोकणातल्या आमच्या सहल कार्यालयात एकच विचारणा सुरू होते: सिंगापूर की दुबई, मुलांना कुठे जास्त मजा येईल? सांगायला आम्हाला आवडतेच. पण त्याआधी आम्ही मुलांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो मागतो. "आधी दर तर सांगा" म्हणून काही जण नाराज होतात, म्हणून कारण इथे सविस्तर देत आहोत.

मोठ्यांचा पासपोर्ट १० वर्षे चालतो. लहान मुलांचा ५ वर्षेच. सगळ्या घराचे पासपोर्ट एकाच दिवशी काढलेले असतात, आईवडिलांचे चालू असतात, त्यामुळे मुलांचे कुणी उघडून बघतच नाही. शिवाय सिंगापूर, दुबईसारख्या ठिकाणी पोचण्याच्या तारखेपासून पुढे किमान ६ महिने मुदत शिल्लक लागते. मुलीचा पासपोर्ट फेब्रुवारीत संपणार आणि तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत निघणार, तर तो संपलेला नसूनही उपयोगाचा नाही. विमान कंपनी चेक-इनलाच थांबवते.

हे लक्षात येईपर्यंत बऱ्याचदा रात्री मोबाईलवर स्वस्त दिसली म्हणून तिकिटे काढून झालेली असतात. अशी तिकिटे बहुधा परतावा न मिळणारी असतात. मग पासपोर्टची धावपळ, आणि त्यात जन्मदाखला आडवा येतो. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर बाळाचे नावच नसते, नाहीतर आईचे माहेरचे नाव असते आणि तिच्या पासपोर्टवर सासरचे. बाळाचे नाव नंतर नोंदवता येते: पहिल्या वर्षात विनाशुल्क, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. हे सगळे होते, पण वेळ जातो, आणि तेवढ्यात विमानाचे दर वर चढतात. मुलांचा पासपोर्ट नव्याने काढायची सरकारी फी साधारण १००० रुपये आहे, आईवडील दोघांच्या संमतीचा फॉर्म (परिशिष्ट 'डी') लागतो. अर्ज भरायला आमचे कार्यालय मदत करते, सहल आमच्याकडून घेणार असाल तर त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

आता ठिकाणांकडे. आपली मुले समुद्र रोज बघतात, त्यामुळे नुसत्या बीचवर पैसे घालू नका असेच आम्ही सांगतो. त्यांना वेगळे काहीतरी दाखवा.

पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आमची पहिली पसंती सिंगापूर. १९९४ साली सुरू झालेली तिथली नाइट सफारी हे रात्रीच्या प्राण्यांसाठी उभारलेले जगातले पहिले प्राणिसंग्रहालय. ट्रॅममध्ये बसून अंधारात प्राणी बघताना मुले श्वास रोखून धरतात. मात्र पहिल्याच संध्याकाळी ती ठेवू नका, थकलेली मुले ट्रॅममध्ये झोपतात. युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये मोठ्या राइडना उंचीची अट आहे, काहींना १२२ सेंटिमीटर. घरी भिंतीला उभे करून मोजून या.

दुबई छानच, पण दिवाळीत किंवा नाताळात. उन्हाळ्यात पॅकेज स्वस्त दिसते, कारण उन्हाने दिवसा बाहेर पडवत नाही आणि ग्लोबल व्हिलेज, मिरॅकल गार्डनसारख्या उघड्यावरच्या जागा भर उन्हाळ्यात बंद असतात. तीन वर्षांखालचे मूल असेल तर वाळवंटातली गाडीची सफर आम्ही पॅकेजमध्ये घालत नाही, कितीही आग्रह केलात तरी.

श्रीलंका लोकांच्या मनात पटकन येत नाही, आणि ती यायला हवी. विमानप्रवास छोटा, जेवण भातमाशांचे, पिन्नवलाला हत्तींचा अख्खा कळप नदीवर आंघोळीला येतो. सिगिरिया या खडकावरच्या किल्ल्याच्या सुमारे १२०० पायऱ्या रायगड चढलेली मुले सहज चढतात.

पासपोर्ट वेळेत होणारच नसेल तर नेपाळ किंवा भूतान घ्या. नेपाळला विमानाने जाताना मोठ्यांचे मतदार ओळखपत्र चालते, आधार नाही. १५ वर्षांखालच्या मुलांचे मात्र आधार चालते. भूतानला मुलांचा जन्मदाखला लागतो, आणि प्रत्येक रात्रीमागे मोठ्या भारतीय पर्यटकाला १२०० रुपये शुल्क, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे.

विमान बहुतेक मुंबईहूनच असते. निघण्याच्या दिवशीच कोकणातून गाडीने विमानतळ गाठायचा बेत नको. जूनमध्ये कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक सुरू झाले की गाड्या सावकाश धावतात. आमच्या दरात मुंबईतला एक मुक्काम धरलेला असतो. आकडा इतरांपेक्षा थोडा जास्त दिसतो तो यामुळे.

चौकशीला येताना मुलांचे पासपोर्ट, जन्मदाखले आणि आईवडिलांचे पासपोर्ट सोबत आणा, किंवा व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवा. कागद नीट असतील तर दोन-तीन ठिकाणांचे दर त्याच दिवशी देऊ. दिवाळीच्या सुट्टीसाठी गणपतीच्या आधी या.