ब्लूटूथ अडखळतंय? कार्ड बदलण्याआधी हवेतली गर्दी तपासा

औसा किंवा अहमदपूर तालुक्यातल्या एखाद्या गावात, दिवाळीच्या सुट्टीत, ज्या लॅपटॉपवर ब्लूटूथ हेडफोन दिवसभर बिनतक्रार चालतो, तोच लॅपटॉप लातूरच्या क्लासच्या गल्लीतल्या खोलीत परत आला की रात्री नऊनंतर आवाज तुटायला लागतो. माऊस मध्येच थबकतो आणि मग उडी मारून भलतीकडेच जातो. ‘सर, आवाज तुटलालाय, कार्ड गेलं का?’ असं विचारत मुलं येतात (कार्ड म्हणजे लॅपटॉपच्या आतलं, वायफाय-ब्लूटूथ चालवणारं छोटं सर्किट), तेव्हा मी आधी एवढंच विचारतो: गावाकडं काय होतं? गावाकडं नीट चालायचं, असं उत्तर आलं की निदान निम्मं झालं. लॅपटॉप तोच, कार्ड तेच, हेडफोनही तोच. बदलली ती भोवतालची हवा.

ही हवा रेडिओलहरींची. ब्लूटूथ २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतं. भारतात हा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, म्हणजे ठरावीक शक्तीच्या मर्यादेत कुणीही तो वापरू शकतो. साहजिकच तिथं सगळेच येऊन बसले: जुनं वायफाय, ब्लूटूथ, डोंगलवर, म्हणजे यूएसबी पोर्टात लावायच्या छोट्या रिसीव्हरवर, चालणारे वायरलेस माऊस-कीबोर्ड. मायक्रोवेव्ह ओव्हनही २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासच चालतो आणि त्याच्या दारातून थोडी गळती होतेच. जागा मात्र सगळी मिळून साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झ. वायफायचं एक चॅनेल त्यातले सुमारे वीस खातं. एक, सहा आणि अकरा ही तीन चॅनेल एकमेकांना न घासता बसतात, चौथं बसत नाही. आता एका इमारतीत वीस खोल्या, प्रत्येक खोलीत एक राऊटर किंवा दोन-तीन मोबाइल हॉटस्पॉट, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. कुणी काहीही डाउनलोड करत नसलं, तरी प्रत्येक राऊटर ‘मी इथं आहे’ हे सांगणारा संदेश सेकंदाला साधारण दहा वेळा पाठवत राहतो. रात्री नऊनंतर क्लास सुटलेले असतात, सगळे खोलीवर आलेले असतात आणि व्हिडिओ सुरू असतात. आवाज नेमका तेव्हाच तुटतो, यात नवल नाही.

गावातल्या घराची भिंतही इथं कामाला येते. माळवदाच्या जुन्या घरांच्या दगडमातीच्या जाड भिंती या लहरी बऱ्याच प्रमाणात अडवतात. शेजाऱ्याचं वायफाय आत पोचेपर्यंत दुबळं होतं, आणि मुळात शेजारी लांबच असतो. शहरात मोठ्या खोलीचे प्लायवूड लावून चार भाग केलेले असतात. प्लायवूडमधून २४०० मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ विनाअडथळा पलीकडे जातात. पलीकडच्या मुलाचा हॉटस्पॉट तुमच्या उशाशीच असतो म्हणा ना.

ब्लूटूथच्या रचनाकारांना ही गर्दी अपेक्षितच होती, आणि त्यावर त्यांनी काढलेला तोडगा मला फार सुंदर वाटतो. नेहमीचं ब्लूटूथ या पट्ट्याचे एक-एक मेगाहर्ट्झचे ७९ तुकडे करतं आणि सेकंदाला १६०० वेळा तुकडा बदलतं. एका तुकड्यावर ते जेमतेम ६२५ मायक्रोसेकंद थांबतं. कुठला तुकडा कधी घ्यायचा याचा क्रम लॅपटॉप आणि हेडफोन या दोघांनाच ठाऊक असतो. २००३ साली आलेल्या १.२ या आवृत्तीपासून त्यात आणखी एक शहाणपण आलं: ज्या तुकड्यांवर वारंवार धडक बसते ते टाळायचे आणि मोकळे तेवढे वापरायचे. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. एक तुंबला तर माहीतगार माणूस दुसऱ्याने निघतो, तसंच हे. पण सोळाही रस्त्यांवर हातगाडे लागले तर माहीतगारानेही काय करावं? नियमाप्रमाणे ब्लूटूथला किमान २० तुकडे तरी फिरते ठेवावे लागतात. तीनही वायफाय चॅनेल गच्च भरली, की मधल्या फटी आणि पट्ट्याची टोकं मिळून जेवढं उरतं तेवढ्यावरच त्याला भागवावं लागतं.

त्यात शक्तीचा फरक. लॅपटॉप-हेडफोनमधलं ब्लूटूथ साधारण काही मिलिवॉटवर बोलतं, तर वायफाय राऊटर शंभर मिलिवॉटच्या घरात. शिवाय माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. लॅपटॉप टेबलावर डाव्या हाताला असेल आणि इअरबडमधला मुख्य रेडिओ उजव्या कानात असेल, तर मध्ये तुमचं डोकं आडवं येतं. शांत हवेत हे कळतही नाही. गर्दीत तेवढ्यानंही वाक्य तुटतं.

माऊस आणि हेडफोन वेगवेगळ्या पद्धतीनं का अडखळतात, हेही पाहण्यासारखं आहे. हेडफोन थोडा आवाज आधीच साठवून ठेवतो आणि मग वाजवतो. आवाजाचा एखादा तुकडा हवेत हरवला तर तो पुन्हा मागवला जातो, आणि साठा संपेपर्यंत तुम्हाला काही जाणवत नाही. साठा संपला की आवाज तुटतो. याच साठ्यामुळे ब्लूटूथचा आवाज मुळातच दीडशे-दोनशे मिलिसेकंद मागे असतो. व्हिडिओ दाखवणारी ॲप चित्रही तेवढंच मागे ठेवून हा फरक झाकतात. खेळात किंवा वाद्य वाजवताना तो झाकता येत नाही. हा कायमचा, एकसारखा उशीर म्हणजे बिघाड नव्हे, आणि नवं कार्ड घालून तो जाणार नाही. यासाठी पैसे घालवू नका. वायरचा हेडफोन लावा. माऊसचं उलटं आहे. त्याला साठा करून चालत नाही, हात हलला त्या क्षणीच कळवावं लागतं. त्यामुळे हवा बिघडली की बऱ्याचदा पहिल्यांदा माऊस बोलतो.

ऑनलाइन तासाला माइक सुरू केल्याबरोबर आवाज एकदम बसका होतो, तोही याच गैरसमजात सापडतो. माइक चालू झाला की जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथला दोन्ही दिशांनी बोलणाऱ्या ‘हँड्सफ्री’ प्रकारावर जावं लागतं. त्यात आवाज एकाच वाहिनीचा असतो आणि त्याचे सेकंदाला फक्त आठ किंवा सोळा हजार नमुने घेतले जातात. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन माइक लॅपटॉपचाच निवडला, की हेडफोनचा आवाज पूर्ववत होतो.

आता मूळ दुखण्याकडे. बहुतेक लॅपटॉपांत वायफाय आणि ब्लूटूथ एकाच कार्डावर असतात, आणि स्वस्त कार्डांत दोघांना मिळून अँटेनाही एकच असते. दोघंही २४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतील तर त्यांना पाळीपाळीनं बोलावं लागतं. मोठी फाइल उतरवताना आवाज तुटतो आणि फाइल उतरून झाली की आपोआप सुधारतो, तो यामुळेच. त्यामुळे पहिली चाचणी अगदी सोपी: लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि आधीच साठवलेलं एखादं गाणं ब्लूटूथवर लावा. गाणं सुरळीत वाजलं तर कार्ड बिघडलेलं नाही, त्याच्यावर दोन कामांचा भार आहे. मग वायफाय पाच गीगाहर्ट्झवर न्या. आजकालचे बरेच राऊटर दोन्ही पट्टे देतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटमध्येही पट्टा निवडायची सोय अनेक फोनवर असते. आपल्याकडे निम्मी मुलं हॉटस्पॉटवरच अभ्यास करतात, म्हणून ती आवर्जून शोधा. पाच गीगाहर्ट्झ भिंतीपलीकडे कमी पोचतं. एका खोलीपुरता हा दोष नाही, उलट गुणच आहे. राऊटर २.४ गीगाहर्ट्झवरच, म्हणजे २४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच, ठेवावा लागला तर चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ करा. चाळीसवर ठेवलेला एक राऊटर जवळजवळ अर्धा पट्टा गिळतो आणि शेजाऱ्यांचंही नुकसान करतो.

दुसरा संशयित लोकांच्या ध्यानातच येत नाही: यूएसबी ३. या केबलमधून सेकंदाला पाच अब्ज बिट धावतात आणि त्यांचा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गीगाहर्ट्झच्या भागातही पसरतो. इंटेलने २०१२ साली मोजमापं घेऊन हे प्रसिद्ध केलं होतं. बाहेरची हार्ड डिस्क किंवा हब काढल्याबरोबर माऊस सरळ चालू लागला तर चोर सापडला. ती डिस्क दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावा, चांगली जाड आवरणाची केबल वापरा, आणि माऊसचा डोंगल तिच्या शेजारी ठेवू नका.

यानंतर उरतं सॉफ्टवेअर. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ब्लूटूथच्या गुणधर्मांत वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी असते, ती काढून पाहा. दोन क्षण माऊस न हलवता ठेवला की पुढचा पहिला झटका अडकतो, अशी तक्रार असेल तर बऱ्याचदा इथंच मिटते. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉप बनवणाऱ्याच्या किंवा कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घ्या. आणि एक लक्षात ठेवा: विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केलं तरी फास्ट स्टार्टअपमुळे सगळं नव्यानं सुरू होत नाही, ‘रीस्टार्ट’नं होतं. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहणं ही माझी आवडती चाचणी. तिथं ब्लूटूथ नीट चाललं तर लॅपटॉप उघडायची गरज नाही, दोष विंडोजमधल्या ड्रायव्हरचा आहे.

मग कार्ड बदलायचं कधी? ब्लूटूथ यादीतूनच गायब होत असेल, रीस्टार्ट करूनही येत नसेल, वायफाय बंद ठेवून हातभर अंतरावरही आवाज तुटत असेल, आणि तोच हेडफोन त्याच जागी मोबाइलवर छान चालत असेल, तेव्हा. आणखी एक प्रामाणिक कारण आहे. पाच-सात वर्षांपूर्वीच्या अनेक स्वस्त लॅपटॉपांतलं कार्ड फक्त २.४ गीगाहर्ट्झच जाणतं, त्यामुळे वायफाय दुसरीकडे हलवायचा मार्गच नसतो. अशा लॅपटॉपात दोन्ही पट्ट्यांचं कार्ड घातलं की ब्लूटूथ सुधारतं, ते मुख्यतः वायफायनं त्याची जागा मोकळी केल्यामुळे.

खरेदीआधी मागचं झाकण उघडून जुनं कार्ड पाहाच. ते बोर्डावर झाळलेलं असेल तर विषय संपला. सुटं असेल तर गेल्या काही वर्षांच्या लॅपटॉपांत ते बहुधा एम.२ प्रकारचं, २२ बाय ३० मिलिमीटरचं असतं. त्याआधीच्यांत मोठं मिनी पीसीआय एक्स्प्रेस. इंटेलच्या कार्डांत एक सापळा आहे. एएक्स२०१ आणि एएक्स२११ या कार्डांचा काही भाग इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्येच असतो, त्यामुळे ती फक्त त्या सोयीच्या इंटेल लॅपटॉपांतच चालतात. एएमडी प्रोसेसरच्या लॅपटॉपात ती बसतील, पण जागी होणार नाहीत. एएक्स२०० आणि एएक्स२१० ही स्वयंपूर्ण आहेत. नाव एका आकड्यानं वेगळं, दिसायला सारखीच, म्हणून दुकानात नंबर स्वतः वाचून घ्या. विंडोजपुरतं बोलायचं तर एएक्स२१०चे ड्रायव्हर १० आणि ११ साठीच आहेत. काही जुन्या लॅपटॉपांचं बायोस (लॅपटॉप सुरू होताना आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) ठरावीक कार्डंच स्वीकारतं, तेही आपल्या मॉडेलपुरतं आधी तपासा. वायफाय पीसीआय एक्स्प्रेस या आतल्या जोडणीवरून बोलतं, तर त्याच कार्डातलं ब्लूटूथ आतल्या यूएसबी जोडणीवरून. एखाद्या खाचेत ही यूएसबी जोडणी नसेल तर वायफाय धावतं आणि ब्लूटूथ दिसतही नाही. तेव्हा नवं कार्ड खराब निघालं असं समजू नका.

बदलण्याचं काम लहान आहे, घाई मात्र नको. चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि झाकण उघडल्यावर पहिल्यांदा आतल्या बॅटरीची जोडणी सोडवा. मराठवाड्यात हिवाळ्यापासून पाऊस पडेपर्यंत हवा इतकी कोरडी असते की अंगावर स्थिर वीज सहज साठते. तिचा जाणवणारही नाही एवढा झटका चिप मारू शकतो. सुती कपडे घाला, सतरंजीवर किंवा ब्लँकेटवर बसून काम करू नका, आणि अर्थिंग असलेल्या एखाद्या उपकरणाच्या उघड्या धातूला आधी हात लावा. नळाला हात लावायचा जुना सल्ला आता चालत नाही, कारण घरोघरी पाइप प्लास्टिकचे झालेत.

कार्डाचा एकुलता एक स्क्रू काढला की ते तिरकं वर उचललं जातं. त्याआधी अँटेनाच्या दोन बारीक वायरींचा फोटो काढा, कुठली कुठं होती हे नंतर आठवत नाही. त्यांची टोकं ज्वारीच्या दाण्याहून लहान असतात आणि मोजक्याच वेळा काढ-घाल सहन करतात. वायर ओढू नका. टोकाखाली नख किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी घालून सरळ वर उचला. बसवताना टोक बरोबर मध्यावर आणा आणि बोटानं दाबा, हलकीशी ‘टिक’ जाणवते. अनेक कार्डांत ब्लूटूथ दोनपैकी एकाच अँटेनावर चालतं. ती एक वायर नीट बसली नसेल तर वायफाय दुसऱ्या अँटेनावर बऱ्यापैकी चालत राहतं आणि ब्लूटूथ मात्र हातभरापलीकडे जात नाही. म्हणूनच मी सांगतो, नवं कार्ड विकत घेण्याआधी एकदा झाकण उघडून या दोन टोकांवर बोट दाबून पाहा. लॅपटॉप पडला असेल किंवा बिजागरी दुरुस्त करून आणली असेल तर हमखास पाहा, कारण या वायरी बिजागरीतूनच वर पडद्याच्या कडेला असलेल्या अँटेनापर्यंत जातात. जुन्या स्वस्त लॅपटॉपात एकच वायर आढळली, तर कार्डावर ब्लूटूथसाठी खुणावलेलं टोक कुठलं ते कार्डाच्या माहितीपत्रकात पाहून तिथं ती लावा, किंवा दुसरी अँटेना बसवून घ्या.

कार्ड झाळलेलं असेल, किंवा लॅपटॉप वॉरंटीत असल्यानं उघडायचा नसेल, तर काहीशे रुपयांचा यूएसबी ब्लूटूथ डोंगल पुरतो. त्याला स्वतःची अँटेना असते, त्यामुळे वायफायबरोबर पाळी लावावी लागत नाही. तो यूएसबी २च्या पोर्टात लावा. पोर्ट सगळे यूएसबी ३चेच असतील तर हातभर एक्स्टेन्शन केबल जोडून लॅपटॉपपासून दूर ठेवा. आणि लावण्याआधी आतलं ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधून ‘डिसेबल’ करा, कारण विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ सांभाळतं.