तरुण कामगारांची कार्यनिष्ठा (सोलापूर)

कामाच्या ठिकाणी टिकून राहण्याची आणि ते ठिकाण आपले मानण्याची तरुण कामगारांची वृत्ती. मानसशास्त्रज्ञ जॉन मेयर आणि नॅटली अ‍ॅलन यांनी १९९१ मध्ये निष्ठेचे तीन धागे सांगितले : जिव्हाळा, सोडून गेल्यास होणाऱ्या नुकसानीचा हिशेब आणि कर्तव्यभावना. पगाराचा ताण मुख्यतः हिशेबाच्या धाग्यावर येतो. जिव्हाळा बहुधा कामातून काही शिकायला मिळाले तरच जडतो.

सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग कारखान्यांत हा फरक ठळक दिसतो. चादर व टॉवेल विणणाऱ्याची मजुरी साधारणतः नगावर ठरते. नवखा मुलगा तुटलेला धागा जोडायला, मागाचा आवाज ओळखायला शिकतो, तसे नग वाढतात आणि आठवड्याचा पगारही वाढतो. पुढे मागाच्या वेगापाशी ही वाढ थांबते. जेकार्डची (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) जुळणी, नक्षीचे काम, दुरुस्ती हे ज्ञान जाणत्या मोजक्या हातांत राहिले, तर त्याला पुढची पायरीच दिसत नाही. मग कारखानदार उचल देऊन त्याला थांबवतो. उचल फिटेपर्यंत माणूस हलत नाही, पण त्याला निष्ठा म्हणणे चुकीचे आहे. ते कर्जाचे बंधन आहे.

सोलापूरजवळच्या चिंचोळी गावच्या औद्योगिक वसाहतीतल्यासारख्या यांत्रिक कामात अडचण उलटी असते. आयटीआय झालेला मुलगा १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली विद्यावेतनावर येतो, सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारे) यंत्र चालवायला शिकतो, आणि सुमारे २५० किलोमीटरवरचे पुणे त्याच हाताला जास्त पैसे देऊ करते. कुठेही चालणारे कौशल्य शिकवायचा खर्च मालकाला का नकोसा वाटतो, हे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडले होते. अशा मुलाला कृतघ्न ठरवणे अन्यायाचे आहे. कौशल्य वाढले आणि पगार उमेदवारीच्या आसपासच राहिला, तर तो जाणारच. उलट दर नव्या कौशल्यामागे ठरलेली वाढ मिळाली, तर घरचे जेवण, वाचलेले खोलीभाडे आणि जवळ असलेले आईवडील हेही सोलापूरच्या बाजूने मोजले जातात.

गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांत वर्षानुवर्षे फक्त कॉलर लावणारी मुलगी दुसरीकडे चार पैसे जास्त मिळताच निघते. अख्खा शर्ट शिवायला शिकलेलीही कधीतरी स्वतःचे मशीन घेऊन घरी बसते. मात्र तिला हंगामात जुन्याच मालकाचे काम घरी घेता येते.