लय जुळली म्हणजे सम जुळली असं नाही

"दोन्ही लूप पेडलांवर ९६ दिसतंय, तरी वाजतंय वेडंवाकडं. पेडल बिघडलंय काय?"

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची एकट्यानं वाजवणारी पोरं भेटली की हा प्रश्न ठरलेला. पेडल बिघडलेलं नसतं. टॅप टेम्पो (पायानं बटण दाबून लय देणं) आणि मिडी क्लॉक (एका पेडलनं दुसऱ्याला वायरीतून लय देणं) यांत फरक नाही असं धरून चालल्याचे हे भोग असतात. ज्यांना तो फरक कळलाय, तेसुद्धा पुढच्या खड्ड्यात पडतात: मिडीची केबल लावली, आता सगळं आपोआप जुळणार!

लूप पेडल म्हणजे वाजवलेला तुकडा भरून घेऊन तोच पुन्हा पुन्हा वाजवणारं पायाखालचं यंत्र, त्यावर जास्त सांगत बसत नाही. टॅप टेम्पोही तुम्हाला येतो. दोन-चार वेळा बटण दाबायचं, पेडल मधलं अंतर मोजतं आणि लय धरतं. डिलेवर, म्हणजे आवाजाचा प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलवर, हे झकास चालतं आणि तिथंच आपल्याला खोटा भरवसा येतो. डिलेचा आवाज चार-सहा वेळा घुमून विरतो. पायाची चूक त्याच्याबरोबर विरते. लूप विरत नाही, चूक पोटात घेऊन फिरतच राहतो.

हिशेब करून बघा. लय १२०, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा, एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. १६ मात्रांचा लूप ८ सेकंदांचा. दुसऱ्या पेडलवर तेवढाच लूप करताना बंद करायचा पाय ३० मिलिसेकंद उशिरा पडला. पहिल्या फेरीला कुणाला कळणार नाही. पण प्रत्येक फेरीत तेवढीच भर पडते, आणि दहाव्या फेरीला दोन लूप ३०० मिलिसेकंदांनी फाकलेले असतात. मात्राच ५०० ची! गाण्याचं दुसरं कडवंही आलेलं नसतं. टॅपचंही तेच. एका पेडलनं १२० धरली आणि दुसऱ्यानं १२०.५, तर दोन मिनिटांत बरोब्बर एक मात्रा पुढं-मागं. कानात मेट्रोनोम लावून वाजवतो म्हणणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं, की मेट्रोनोम तुम्हाला ऐकू येतो, पेडलला नाही.

मिडी क्लॉक हा रोग बरा करतो, कारण तिथं दुसरं पेडल स्वतः काही मोजतच नाही. पहिलं पेडल दर मात्रेला २४ टिचक्या पाठवतं आणि दुसरं त्या टिचक्यांवर चालतं. भजनात म्होरक्यानं ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी उचलावी, तसं. ठरवणारा एकच. म्हणून कितीही वेळ वाजवा, फाकत नाही.

इथवर बहुतेकांना पटतं. घोटाळा इथून पुढं आहे.

त्या २४ टिचक्या सगळ्या एकसारख्या असतात. "ही समेची, ही खालीची" असं काही त्यांच्यावर लिहिलेलं नसतं. क्लॉक फक्त लय सांगतो. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठं आहे हे सांगणारा निरोप वेगळा असतो, त्याचं नाव स्टार्ट. स्टार्टनंतर जी पहिली टिचकी येते ती पहिली मात्रा, तिथून मागच्या पेडलनं मोजायला लागायचं. स्टार्ट चुकला तर मागचं पेडल लय अचूक धरतं आणि मनाला येईल तिथं सम मानतं. मग दोन्हीकडं ९६ दिसतं, दोन्ही लूप जन्मभर फाकत नाहीत, आणि तरीही एकाची पहिली मात्रा दुसऱ्याच्या तिसरीवर पडत राहते. टॅपची चूक हळूहळू वाढते. ही चूक पहिल्या फेरीपासून जेवढी असते तेवढीच शेवटपर्यंत राहते. कानानं रोग ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच.

विसर्जनाच्या मिरवणुकीत कपिलेश्वर तलावाकडं जाताना दोन ढोलपथकं जवळजवळ आली की काय होतं, आठवा. लय जवळपास एकच, पण याचा ठोका त्याच्या मधल्या जागेत. लय वेगळी असती तर कानानं दोन आवाज वेगळे काढले असते. एकाच लयीत सम चुकली की नुसता कालवा.

मी स्वतः हे शहापुरात एका मांडवात भर गर्दीत शिकलो. दुसऱ्या पेडलची वायर सैल होती. पहिलं चालू असतानाच मी ती काढून परत लावली. लय लगेच आली, आकडाही आला. मी निर्धास्त. पण स्टार्ट तर केव्हाच होऊन गेला होता. आलेल्या पेडलला तो ऐकायला मिळालाच नाही. कॉर्ड एकीकडं, बेस भलतीकडं. खालून एक ओळखीचा ओरडला, "काय करूलास रे?" तबला शिकलेला माणूस, त्याला बरोबर कळलं होतं.

म्हणून सगळी पेडलं आधी चालू करायची, सगळं थांबवायचं, आणि मग म्होरक्या पेडलवरून एकदाच सुरुवात द्यायची. मध्येच काही निसटलं तर थांबून पुन्हा स्टार्ट. 'कंटिन्यू' नाही, कारण तो थांबलेल्या जागेवरून पुढं चालवतो. काही पेडलांत क्लॉक घेणं आणि स्टार्ट घेणं ही दोन वेगळी सेटिंगं असतात. पहिलं चालू आणि दुसरं बंद ठेवून शिव्या कंपनीला घालणारे मी पाहिलेत.

अजून एक. आवर्तन किती मात्रांचं, हेही क्लॉक सांगत नाही. ते प्रत्येक पेडलमध्ये हातानं घालावं लागतं. एकीकडं रूपक तालाच्या ७ मात्रा आणि दुसरं पेडल कंपनीतून आल्यासारखं ४ वर, तर स्टार्ट व्यवस्थित मिळूनही दोघांची सम २८ मात्रांनी एकदा भेटणार. मुद्दाम करत असाल तर मजा आहे. नकळत होत असेल तर दोष केबलला देऊ नका.

बाकीचं किरकोळ. आउटमधून इनमध्ये, उलटं नाही. तिसरं पेडल असेल तर थ्रूमधून. बारीक जॅकच्या मिडी वायरींत दोन प्रकार येतात, घेताना विचारून घ्या. दोन्ही पेडलं आपापल्या घड्याळावर ठेवली तर वायर नुसती शोभेला.

आणि डिट्टो किंवा बॉस आरसी-१ सारख्या साध्या लूपरला मिडीचं भोकच नसतं. तशी दोन शेजारी ठेवून वेगवेगळे लूप जुळवायचा हट्ट मला अजिबात पटत नाही. पाय कितीही तयार असला तरी वरचा ३० मिलिसेकंदांचा हिशेब सुटत नाही. दोन घेण्याच्या पैशांत थोडी भर घालून आरसी-५०० सारखं दोन ट्रॅकचं एकच पेडल घ्या. दोन्ही ट्रॅकना डोकं एकच, स्टार्टची भानगड नाही, मांडवातल्या अंधारात शोधायला एक वायर कमी. दोन साधी आधीच घेऊन बसला असाल तर एकात ताल धरा, आणि दुसरं ताल नसलेल्या गोष्टींना वापरा: तानपुऱ्यासारखा लांब षड्ज-पंचम भरून ठेवा. त्याला सम लागत नाही.