पटियालाच्या वाफेवरच्या मोनोरेलची पार्श्वभूमी

दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात एक ठेंगणं वाफेचं इंजिन आहे. समोरून पाहिलं तर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. रुळावरची चाकं तीनच, तीही एकामागे एक, आणि एका बगलेला जमिनीवर टेकलेलं मोठं लोखंडी चाक. स्कूटरला साइडकार जोडावी तसं. हे पटियाला संस्थानाच्या मोनोरेलचं इंजिन.

या ‘मोनोरेल’ शब्दाचाच घोळ आहे. मुंबईकराला तो ऐकून २०१४ साली सुरू झालेली वडाळा-चेंबूरची गाडी आठवते. ती काँक्रीटच्या तुळईवर रबरी टायरांनी धावणारी, म्हणजे तिथे रूळ असा नाहीच. आयर्लंडमध्ये लिस्टोवेल ते बॅलीबनियन १८८८ ते १९२४ वाफेची मोनोरेल चालली. तिचा रूळ घोडीसारख्या लोखंडी चौकटींवर उंच बसवलेला आणि इंजिनाला दोन बॉयलर, रुळाच्या दोन्ही अंगांना लटकलेले. शिवाय गाडी डोलू नये म्हणून चौकटीच्या दोन्ही बाजूंना खाली आणखी एकेक रूळ. म्हणजे ‘मोनो’ म्हणायचं आणि मोजायला गेलं तर तीन! प्रवासीसुद्धा दोन्हीकडे सारखे बसवावे लागत. पलीकडे पियानो चढवला म्हणून अलीकडे गाय बांधावी लागली, असा किस्सा तिकडे अजून सांगतात. खरा असो-नसो, त्या गाडीची अडचण त्यात नेमकी आली आहे.

पटियालाच्या पद्धतीत ही तारांबळ नव्हती. जवळपास ९५ टक्के भार एका रुळावर आणि उरलेला बगलेच्या चाकावर. डोलारा मुद्दाम त्या चाकाकडे किंचित जड ठेवायचा, म्हणजे तो दुसऱ्या अंगाला कलंडत नाही. रुळावरच्या चाकांना दोन्हीकडून कडा, त्यामुळे ती घसरायची नाहीत. बगलेचं चाक मात्र साध्या रस्त्यावरून जायचं. मग हिला मोनोरेल म्हणावं का? माझ्या मते दुसरा रूळ होताच, तो म्हणजे रस्ता. तो संस्थानाने आधीच बांधलेला, म्हणून फुकटात पडला. खरी युक्ती ही होती. एक रूळ वाचला ही त्यातली बारकी गोष्ट. वेगळा भराव नको, दोन रुळांमधलं अंतर सांभाळायची कटकट नको. रस्त्याच्या कडेला रूळ टाकला की काम झालं.

रूळ मध्ये आणि चाकं रस्त्यावर, अशी वाफेची गाडी फ्रान्समध्ये १८६८ सालीच चालवून पाहिली होती, पुढे लिस्बनलाही. पण तिची रस्त्यावरची चाकं दोन्हीकडे होती. एकाच बाजूला चाक ठेवायची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची.

पटियालात काम १९०७ मध्ये सुरू झालं. एक फाटा सिरहिंदकडचा, दुसरा पटियालाहून सुनामच्या दिशेने. दोन्ही मिळून सुमारे ८० किलोमीटर. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. ही गाडी मुळात खेचरांसाठी होती. संस्थानाला लष्करी कामासाठी खेचरं पोसावीच लागत, ती एरवी नुसती उभी राहण्यापेक्षा गाडी ओढतील असा रोकडा हिशेब. जर्मनीहून आणलेली वाफेची इंजिनं अवघी चार. संग्रहालयात इंजिन दिसतं, खेचर दिसत नाही, म्हणून ही वाफेची कहाणी होऊन बसली.

१९२७ च्या सुमारास गाडी बंद पडली. मोटारी आणि बस त्याच रस्त्यावर आल्या होत्या. ज्या रस्त्याच्या आधाराने ती स्वस्तात उभी राहिली, त्याच रस्त्याने तिचे उतारू नेले.

पुढे पस्तीस वर्षं इंजिनं पटियालात सरकारी आवारात गंजत पडली. १९६२ मध्ये वाफेच्या इंजिनांच्या एका शौकिनाला ती सापडली. एक दुरुस्त होऊन दिल्लीला गेलं, एक अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात राहिलं. दिल्लीचं इंजिन चालवायचं ठरलं, तेव्हा नुसता रूळ टाकून भागलं नाही. बगलेच्या चाकासाठी शेजारी रस्त्याची पट्टीही करावी लागली.